तिसरा क्लॅम्प

तातोबा मिस्त्रींनी काटकोन बघायचा गुण्या उचलला तेव्हा आरतीचं तबक मालकांच्या हातात होतं आणि कापूर अजून पेटायचा होता.

सन एकोणीसशे शहाऐंशी, खंडेनवमीची सकाळ, कोल्हापूरचं उद्यमनगर. आमच्या वर्कशॉपमध्ये ऑइल इंजिनाचे सुटे भाग व्हायचे. खंडेनवमीला मोठ्या लेथशेजारच्या लांब टेबलावर पांढरं कापड अंथरून हत्यारं मांडत. कानशी, छिन्न्या, हातोडे, पाने, मोजमापाची साधनं, सगळी आदल्या दिवशी रॉकेलनं धुऊन, तेलाचा हात फिरवून. प्रत्येकावर हळदकुंकू आणि झेंडूचं एक फूल. एकदा मांडली की दसरा उलटेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात माझा क्लॅम्प होता.

काम करताना दोन तुकडे घट्ट धरून ठेवायला क्लॅम्प लागतो. माझा साध्यातला साधा होता. चार इंच लांबीचे दोन चौकोनी जबडे आणि त्यांना जोडणारे दोन बोल्ट. बोल्ट पिळले की जबडे एकमेकांना समांतर राहून मिटत येतात. पण जबड्याची एक बाजू केसभर जरी कलली तरी पकडलेलं काम सरकतं. म्हणून क्लॅम्पची सगळी परीक्षा कानशीची असते आणि कानस धरणाऱ्या हाताची.

आमच्याकडे बेंच मालक देत नसत, मिस्त्री देत. बेंच म्हणजे काम पकडून धरणारा स्वतःचा शिकंजा असलेली जागा. ज्याला तो हवा असेल त्यानं स्वतःचं लोखंड आणायचं, कामाची वेळ सोडून स्वतःच्या हातानं एक क्लॅम्प बनवायचा आणि खंडेनवमीला पूजेत ठेवायचा. मिस्त्री तो आदल्या संध्याकाळी तपासून ठेवत आणि पूजेच्या वेळी सगळ्यांसमोर निकाल सांगत. पसंत पडला तर माणूस फिटर, नाही तर पुढच्या खंडेनवमीपर्यंत हेल्पर. असे मिस्त्रींसह आठ जण फिटर झाले होते. नववा बेंच मे महिन्यात नव्यानं बसवला होता, तो रिकामा होता. दिवाळीनंतर मोठी ऑर्डर यायची होती आणि तोवर आपल्यातला कुणी मिळाला नाही तर बाहेरून माणूस आणायचं मालकांनी ठरवलं होतं.

मी चार वर्षं बर काढत होते. मशीनवर कापलेल्या लोखंडाच्या कडेला जी धारदार किनार राहते ती बर. ती कानशीनं घासून काढायची, दिवसाला अडीचशे नग. आम्ही चार बायका त्या कामावर होतो. दिवसाला अडीचशे नगांच्या हिशेबानं चार वर्षांत हात कुठं पोचतो, याचा विचार कुणी केला नव्हता. मी स्वतःही बऱ्याच उशिरा केला.

माझा क्लॅम्प मिस्त्रींनी आदल्या संध्याकाळी तपासला नाही. त्या वेळी त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं होतं. बाईचा क्लॅम्प म्हणजे गंमत म्हणून ठेवलेला असेल, असं त्यांना वाटलं असावं. सकाळी पूजेला उभे राहिल्यावर मालकांनी विचारलं की कोपऱ्यातला तो कुणाचा. इलाही टर्नरनं माझं नाव सांगितलं. तेव्हा मिस्त्री पुढे झाले, कापडावरचा गुण्या घेतला आणि माझा क्लॅम्प उजेडाकडे धरला.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायची पोलादी पट्टी. ती लोखंडाला लावायची आणि मधून उजेड दिसतो का ते बघायचं. उजेड दिसला तर बाजू कललेली. मिस्त्रींनी दोन्ही जबड्यांच्या मिळून आठ बाजू पाहिल्या. नंतर पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. मग क्लॅम्प कापडावर न ठेवता शेजारच्या स्टुलावर ठेवला.

"ह्यो पूजेत ठेवायचा न्हाई," ते म्हणाले.

मालकांनी विचारलं, "का हो मिस्त्री, वाकडा आहे?"

"वाकडा न्हाई, मालक. सरळ हाय. लई सरळ हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "शालन, कुणी केला?"

"मी केला."

"तुझ्या आबानं केला."

माझे वडील गारगोटीला लोहार होते. बाजारच्या दिवशी विळे-खुरपी विकत, बाकीचे दिवस नांगराचे झिजलेले फाळ शेवटून पुन्हा टोकदार करत. त्यांच्या भात्याशेजारी एक जुना, लाकडाच्या ओंडक्यात रोवलेला शिकंजा होता. सोमवारी आमच्या वर्कशॉपला सुट्टी असायची. सगळा पाऊसकाळ मी सोमवारच्या पहिल्या एसटीनं गारगोटीला जात होते आणि शेवटच्या गाडीनं परत येत होते, हे वर्कशॉपमध्ये सगळ्यांना माहीत होतं. लपवायचं काही कारणही नव्हतं.

मिस्त्री शांतपणे बोलत होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता. भिंतीवरच्या फळीकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं की आठ जणांचे पहिले क्लॅम्प तिथं खिळ्यांना टांगलेले आहेत, त्यातला एकही निर्दोष नाही. कुणाचा जबडा मधे पोटाला आला आहे, कुणाचं भोक सरकलं आहे. त्यांचा स्वतःचाही एका टोकाला बसका आहे. तीस वर्षांत बिनचूक पहिला क्लॅम्प त्यांनी पाहिला नव्हता. पहिल्या कामात माणसाची चूक दिसतेच, ज्यात ती दिसत नाही ते काम दुसऱ्याचं.

"पण हा पयला न्हवं," मी म्हणाले. "तिसरा हाय."

"मग पयले दोन कुठं हायत?"

"एकाचं खुरपं झालं, एकाचा विळा. आबांनी बाजारात विकले."

हसू फुटलं. इलाही म्हणाला की आता गारगोटीच्या शिवारात हिंडून पुरावा गोळा करायला पाहिजे. मालकही हसले. मी हसले नाही. खरं तेच मी सांगितलं होतं. पहिल्याचा जबडा मधे फुगीर राहिला होता, दुसऱ्याला भोक पाडताना ड्रिल सरकलं होतं. फुकट गेलेलं लोखंड ठेवून द्यायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मला टेबलाजवळ बोलावलं.

"ह्या हत्यारांवर हात ठेव आणि सांग. दुसऱ्या कुणाचा हात लागला न्हाई म्हणून. मी मानतो."

तिथं मला थांबावं लागलं. 'लागला नाही' एवढं म्हणून मोकळी झाले असते तर बेंच त्या मिनिटाला माझा होता. मिस्त्री शब्दाचे पक्के होते.

"लागलाय," मी म्हणाले. "बोल्टांच्या टोकांना पाणी आबांनी दिलं. बाकी सगळं माझं."

लोखंड तापवून लाल करायचं आणि ठरावीक क्षणी पाण्यात बुडवायचं, म्हणजे ते कडक होतं. तो क्षण रंगावरून ओळखावा लागतो आणि तो मला तेव्हा ओळखता येत नव्हता. आजही खात्रीनं येत नाही.

"झालं तर मग," मिस्त्री म्हणाले.

तेव्हा इलाही पुढे आला. तो बारा वर्षं लेथवर होता आणि मिस्त्रींशी बरोबरीनं बोलणारा तिथं तो एकटाच होता.

"मिस्त्री, एक सांगू? त्या फळीवरच्या क्लॅम्पांचे बोल्ट कुणी केलेत? माझ्या लेथवर झालेत. सात जणांचे. तुमचा तेवढा सोडून, त्यो माझ्या आधीचा. त्यांना कुणी शपथ घातली न्हाई. ह्या शालाक्कानं मागितलं असतं तर हिचे बी केले असते. तिनं मागितलं न्हाई."

हे शेवटचं खोटं होतं. मी त्याला दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा त्यानं 'मिस्त्रींना विचार' म्हणून मान वळवली होती. शेवटी गारगोटीच्या सायकलवाल्याकडून डाय मागून आणली आणि बोल्टाचे आटे हातानं पाडले. पण त्या घडीला ते काढण्यात अर्थ नव्हता. तो माझ्या बाजूनं बोलत होता आणि बाकीचं त्याचं सगळं खरं होतं.

मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं. म्हणाले, बोल्टांचं सोडा, बोल्ट म्हणजे क्लॅम्प नव्हे, जबडा म्हणजे क्लॅम्प. असा चौरस जबडा बर काढणाऱ्या बाईच्या हातून होत नाही. त्यांचा माझ्यावर राग नाही. मी पुढच्या वर्षी इथंच, त्यांच्या डोळ्यांसमोर करावा, ते स्वतः लोखंड देतील. पुढल्या खंडेनवमीला बघू.

मालकांनी मान हलवली. त्यांना ते रास्त वाटलं. कापराची वडी त्यांनी तबकात मधोमध सरकवली.

"पुढल्या वर्षी न्हाई," मी म्हणाले. "आता."

लोखंडाच्या पट्ट्या ठेवायच्या घोडीतून मी पाच अष्टमांश इंच जाडीच्या चौकोनी पट्टीचा चार इंची तुकडा घेतला. ते हत्यार नव्हतं, नुसतं लोखंड होतं. तो घेऊन नवव्या बेंचपाशी गेले. त्या शिकंज्यालाही हळदकुंकू लावलेलं होतं. तुकडा त्यात धरला, दांडा पिळून घट्ट केला. मग टेबलापाशी परत आले आणि कापडावरची भरड दात्यांची कानस उचलली. तिच्यावरचं झेंडूचं फूल खाली पडलं.

सगळे एकदम बोलायला लागले. आमच्यातली हौसाक्का मागून म्हणाली की शाला, ठेव गं, देवाचं हाय ते, वर्षभर हाताला दुखणं लागंल. फिटरांपैकी कुणीतरी म्हणालं की हिला घरी पाठवा. मालकांनी तबक खाली ठेवलं.

"शालनबाई, आज हत्याराला हात लावत नाहीत. एवढं माहीत नाही तुम्हाला?"

"माहीत हाय. मिस्त्रींना बी माहीत हाय."

कुणाला कळलं नाही.

"गुण्या बघा की," मी म्हणाले. "मी कानस नंतर उचलली."

गुण्या अजून मिस्त्रींच्या डाव्या हातात होता. तिथून तो खाली गेलाच नव्हता. शपथ घालताना, फळी दाखवताना, सगळा वेळ तो त्यांच्या बोटांत होता. त्यांनी हाताकडे पाहिलं. तीस वर्षं जी वस्तू रोज हातात असते ती हातात आहे हे माणसाला जाणवत नाही. मला ते कळत होतं. तरी मी थांबले नाही.

"माझं काम नापास करायला हत्यार चालतं, आणि काम करायला चालत न्हाई?"

मिस्त्री टेबलाकडे वळले. त्यांनी गुण्या दोन्ही हातांनी कापडावर ठेवला, कुंकू पुसलं गेलं होतं तिथं पुन्हा लावलं, नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं नाही, थांब असंही म्हणाले नाहीत. मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मी नवव्या बेंचपाशी गेले आणि घासायला लागले.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

एक बाजू सपाट करायची आणि तिच्याशी काटकोनात दुसरी. एवढं झालं की पुरे होतं, बाकीचा जबडा त्या दोन बाजूंवरून निघतो. वरचा काळा पापुद्रा निघायला दहा मिनिटं लागली. कानस पुढे जाताना दाब द्यायचा, मागे येताना उचलायची. घाई केली की कानस झुलते आणि लोखंड मधे फुगीर राहतं. माझा पहिला क्लॅम्प त्यानंच गेला होता. मी घाई केली नाही. लुगड्याचा पदर खोचला होता, कपाळावरचा घाम मनगटानं पुसत होते.

काही जण बाहेर चहाला गेले आणि लगेच परत आले. वर्कशॉपमध्ये एरवी दहा मशीनं चालू असतात. त्या दिवशी फक्त एक कानस वाजत होती. तिचा आवाज एवढा मोठा असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

दोन्ही बाजू झाल्यावर बारीक दात्यांची कानस घेतली. तिच्या दात्यांत कीस अडकू नये म्हणून खडू चोळतात. इलाहीनं खडू आणून बेंचवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "खडू हत्यार न्हाई." या वेळी कुणी हसलं नाही.

सव्वाअकराला मी तुकडा सोडवला, कडा पुसल्या आणि मिस्त्रींच्या पुढे धरला. ते तोवर जागचे हलले नव्हते.

त्यांनी आधी अंगठा फिरवला, दोन्ही बाजूंवरून, आडवा आणि उभा. अंगठ्याला कळतं त्यापलीकडचं बघायचं तर उपाय एकच होता. तो कापडावर पडलेला होता, नवीन कुंकू लावलेला. मालकांच्याही ते लक्षात आलं. ते म्हणाले, राहू द्या मिस्त्री, दसरा झाल्यावर बघा. दोन दिवसांनी काय फरक पडतो.

मिस्त्री टेबलाशी गेले. गुण्याला हात जोडले आणि तो उचलला.

त्यांनी तुकडा शटरच्या उजेडात धरला. एका टोकापासून गुण्या हळूहळू सरकवत नेला. शेवटाकडे थांबले.

"हितं उजेड हाय."

मी वाकून पाहिलं. शेवटच्या पाव इंचात केसाएवढी फट होती. खरीच होती.

"हाय," मी म्हणाले. "अजून घासू?"

"नको."

ते स्टुलापाशी गेले. तिथला माझा क्लॅम्प आणि हा तुकडा शेजारी शेजारी धरले. आता ते कोन बघत नव्हते. कानशीचे ओरखडे बघत होते. बारीक कानशीनंतरही लोखंडावर फिकट रेषा राहतात. माणूस जसा उभा राहतो, जसा खांदा टाकतो, त्याप्रमाणे त्या रेषांचा तिरकसपणा ठरतो. मी आमच्या बर काढायच्या अरुंद फळीपाशी चार वर्षं एका कुशीला वळून उभी राहत होते. तुकड्यावरच्या रेषा ज्या बाजूला, जेवढ्या कललेल्या होत्या, त्याच बाजूला आणि तेवढ्याच क्लॅम्पवरच्या होत्या. हे मला त्यांनी दाखवल्यावर दिसलं.

"हात ह्योच हाय," मिस्त्री म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते, मालकांशी बोलत होते. मग क्लॅम्प त्यांनी कापडावर उजव्या कोपऱ्यात ठेवला आणि त्यावर झेंडूचं फूल ठेवलं.

मालकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्याच दमात म्हणाले की हे सगळं ठीक झालं, पण पूजा मोडली, तेव्हा शालनबाईंनी एक नारळ फोडावा म्हणजे सगळ्यांच्या मनाला बरं वाटेल. ते वाईट मनानं म्हणाले नव्हते. हौसाक्काही मागून फोड फोड म्हणाली.

"मिस्त्री फोडणार असतील तर फोडते," मी म्हणाले.

एवढ्या माणसांत तातोबा मिस्त्रींना असं कुणी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही. इलाहीनं मान खाली घातली. मला वाटलं, मिळालेला बेंच मी तोंडानं घालवला. तरी शब्द मागे घ्यावा असं एकदाही मनात आलं नाही.

मिस्त्रींनी गुण्या खाली ठेवला. पुन्हा दोन्ही हातांनी.

"मालक, नारळ तीन आणा."

"तीन कशाला?"

"तिचा एक. माझे दोन." ते थांबले. "मी दोनदा उचललाय. पयल्यांदा ध्यानात न्हवतं. दुसऱ्यांदा होतं."

नारळ आणायला माणूस गेला. कोपऱ्यावरच्या दुकानात खंडेनवमीमुळं दोनच उरले होते, तिसऱ्यासाठी त्याला राजारामपुरीपर्यंत जावं लागलं. आरती बारा वाजता झाली. मिस्त्रींनी आपले दोन आधी फोडले, एकापाठोपाठ एक, उंबऱ्याच्या दगडावर. मग मी माझा फोडला.

प्रसाद घेऊन बायका निघाल्या, मीही निघाले. दारात मिस्त्री चपला घालत होते. मी काही विचारलं नाही. त्यांनी मान वर न करता सांगितलं की दसरा झाला की सातला ये.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सातला पाच कमी असताना गेटवर होते. वॉचमन नुकताच कुलूप काढत होता. आदल्या दोन दिवसांत काय झालं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं हात आडवा धरला.

"अक्का, बायकांची येळ आठची. आत्ता कुठं चाललासा?"

"बेंचाची सातची हाय," मी म्हणाले, आणि त्याचा हात बाजूला करून आत गेले.